धुराचा निरोप

जैतुराबाई कुमरे मोहाच्या झाडाखाली पदर पसरून अशी उभी होती, की तिच्या मागचं मला काही दिसू नये. मी मोटारसायकल स्टँडवर लावली.

"काय करून रायल्या, काकू?"

"काही नाही, बाई. मोह वेचून रायली."

"आणि हा धूर?"

"कायचा धूर?"

एवढं बोलून ती खोकली. मग मीही खोकले. तिच्या मागे बुंध्याभोवती काळं वर्तुळ झालं होतं आणि त्याच्या कडेनं पाचोळा धुमसत पुढे सरकत होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही हे तिलाही कळलं. तिनं जवळच्या जांभळीच्या दोन हिरव्या फांद्या मोडल्या, एक माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघींनी मिळून ती आग बडवून विझवली.

घाम पुसत ती म्हणाली, "खरं सांग. रस्त्यात मले कोणीच भेटलं नाही. तुले कोणी सांगतलं?"

मी लांबच्या टेकडीवरच्या लोखंडी मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यानं."

ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. "तिथं कोण बसते?"

"कोणीच नाही."

हे आवडल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मी तेव्हा गोंदियाकडच्या जंगलात वनरक्षक होते. नोकरीत मुरले नव्हते, पण बीट, म्हणजे माझ्या वाट्याचं जंगल, पायाखाली आलं होतं. आमच्याकडे मोहाचं फूल पहाटेपासून गळतं. फिकं पिवळं, रसाळ, वाळक्या पानांत पडलं की दिसत नाही. म्हणून बाया झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी करतात. बहुतेक वेळा ती आग तिथेच मरते. एखाद्या वेळी मरत नाही आणि मग अख्खी पहाडी जाते. पाखरांची घरटी, सशांची पिल्लं, कोवळी रोपं, सगळं. पुढच्या पावसात त्या उतारावरची माती धुऊन तळ्यात येते.

त्या वर्षी मनोऱ्यावर कॅमेरा बसवला होता. तो दिवसभर चौफेर फिरायचा आणि त्याची चित्रं एका संगणकाकडे जायची. धूर कसा दिसतो हे हजारो चित्रं दाखवून त्या संगणकाला शिकवलेलं होतं. धूर दिसला की तो आमच्या मोबाइलवर निरोप धाडायचा. हे एआयचं काम बघायला समीना काझी नावाची इंजिनिअर नागपूरहून आली होती. मला ताई म्हणायची, डबा उघडला की आधी माझ्यासमोर धरायची. सुरुवातीला तिच्या संगणकानं मला भरपूर पळवलं. धुकं दिसलं की धूर, शेळ्यांच्या कळपामागची धूळ दिसली की धूर. एकदा तर धापा टाकत पोचले ती थेट एका लग्नाच्या मांडवात. मंडळींनी आग्रहानं जेवायला बसवलं. मी समीनाला फोनवर सांगितलं, "हा स्वयंपाक होता." ती म्हणाली, "बरं झालं, शिकवते त्याला. भाजी कशाची होती, तेही सांगा."

अशा चुका सांगता सांगता तो शहाणा झाला. जैतुराबाईचा धूर ही त्यानं पकडलेली पहिली खरी आग. मी आनंदात कार्यालयात आले. आमचे वनपरिक्षेत्र अधिकारी लांजेवार साहेब खुर्चीत ताठ बसलेले होते.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"साहेब, आग विझली. नुकसान काहीच नाही."

"मी नुकसान विचारलं नाही, वालदे. नाव विचारलं."

मी नाव सांगितलं नाही. ते ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस नव्हताच तो. मी येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात याच रेंजमध्ये रहांगडाले नावाचा गार्ड वणव्यात सापडून गेला होता. आग अडवायला जाळरेषा, म्हणजे गवतपाचोळा काढलेला पट्टा, कापत असताना वारा फिरला आणि दोन्हीकडून आगीनं त्याला घेरलं. त्याला खाली आणलं ते लांजेवार साहेबांनीच, स्वतःच्या खांद्यावरून. तेव्हापासून मोहाखाली काडी ओढणारा प्रत्येक माणूस त्यांना एकसारखाच दिसायचा.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग मी सगळ्यांनाच सांगतो."

दुसऱ्या दिवशी जीपवर भोंगा लावून गावोगाव घोषणा फिरली. मनोऱ्यावरचा कॅमेरा सगळं बघतो. जंगलात आग लावणाऱ्याचा फोटो निघेल, गुन्हा दाखल होईल, मोह जप्त होईल.

समीना धावत साहेबांकडे गेली. "फोटो कुठून निघणार, सर? एवढ्या लांबून माझ्या कॅमेऱ्याला माणूस मुंगीएवढाही दिसत नाही. त्याला फक्त धूर कळतो."

"तुम्हाला माहीत आहे," साहेब म्हणाले. "त्यांना कुठं माहीत आहे?"

आणि खरंच, निरोप यायचे थांबले. हंगाम ऐन भरात असताना आमच्या रेंजमध्ये धुराची एक रेघ उठेना. साहेब कित्येक दिवसांनी हसताना दिसले. मलाही हलकं वाटत होतं. फक्त समीना अस्वस्थ होती.

"ताई, हे बरोबर नाही," ती एका सकाळी म्हणाली. "आसपासच्या सगळ्या जंगलांत धूर आहे. आपल्याकडेच कसा नाही?"

"घाबरलेत लोक."

"मग मोह वेचायला जायचे थांबलेत का?"

मी आठवून पाहिलं. आदल्याच दिवशी जैतुराबाईच्या गावातून, भोवरटोल्यातून गेले होते. घरोघर अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, वास गल्लीभर. जैतुराबाईनं मला पाहून मान वळवली होती. एरवी पाणी दिल्याशिवाय सोडत नसे.

समीनानं लॅपटॉपवर नकाशा उघडला. कॅमेऱ्याला दिसणारा भाग हिरवा होता. बोडकी पहाडीच्या पाठीमागे मात्र मोठा करडा डाग होता.

"इथे काय आहे?"

"खापरी नाला. दोन्ही काठांनी मोहच मोह."

ती बोट त्या डागावर तसंच ठेवून बसली. मग म्हणाली, "आपल्याला दिसत नाही तिथे गेल्या त्या. आपणच पाठवलं त्यांना."

त्या दिवशी तिनं बऱ्याच जणांना फोन केले. पलीकडच्या रेंजमध्येही एक मनोरा होता. त्यावरून नाल्याच्या वरचं आभाळ लांबून का होईना, दिसत होतं. त्या कॅमेऱ्याची चित्रंही तिनं आपल्या संगणकाकडे वळवून घेतली आणि त्याला सांगून ठेवलं, की पुरती खात्री नसली तरी कळव, नुसती शंका आली तरी कळव. हे सगळं करून ती नागपूरला परत गेली.

पुढच्याच आठवड्यात ती दुपार आली. ऊन असं होतं की कार्यालयाच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं, आणि वारा सुटला होता. मोबाइल वाजला. 'धूर असू शकतो. खात्री कमी.' सोबत चित्र. पहाडीच्या कण्यावर बोटानं पुसल्यासारखा तपकिरी डाग.

साहेबांनी चित्र जवळ धरून पाहिलं. "धूळ आहे ही. वारा बघ कसा सुटलाय."

मलाही धूळच वाटली. तेवढ्यात समीनाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, मीही धूळच म्हटलं असतं. पण दोन्ही मनोऱ्यांवरून तो एकाच जागी दिसतोय. धूळ वाऱ्याबरोबर पुढे जाते. हे एका जागेवरून उगवतंय. दर चित्रात मोठं होतंय."

साहेब उठले. त्यांचा चेहरा पार बदलला होता. माणसं आणि पंप घेऊन ते जीपनं निघाले, पण नाल्याच्या तोंडाशी जाणारा रस्ता पहाडीला वळसा घालून जातो, त्याला वेळ लागणार होता. मी मोटारसायकल भोवरटोल्याकडे हाणली. तिथून पहाडी चढता येते. आणि मुख्य म्हणजे, आत कोण आहे ते मला कळायला हवं होतं.

गावात सावलीला चारसहा म्हातारी माणसं बसली होती. जैतुराबाई ओट्यावर मोह पाखडत होती.

"काकू, खापरी नाल्यात कोण गेलंय?"

"कोणीच नाही."

"सगुणा कुठं आहे?" सगुणा तिची मुलगी. नवऱ्याच्या माघारी आईकडेच राहायची.

"मले का माहीत? बाजारात गेली असंल."

"काकू, तिकडे आग लागली आहे."

तिचे हात थांबले. ती माझ्या खाकी शर्टाकडे बघत होती. भोंग्यावरचा प्रत्येक शब्द तिला आठवत असणार.

मी तिच्यासमोर खाली बसले. "मी नाव विचारत नाही. कोणाचंच विचारत नाही. फक्त किती जणी आहेत तेवढं सांगा."

ओट्यावरचं सूप तिनं बाजूला सारलं. "सहा जणी," ती म्हणाली, आणि लगेच उठून चालायला लागली. "चल. नाल्याच्या तोंडाकडून जाऊ, ती वाट सोपी हाय. त्या तिकडूनच येतीन."

मी समीनाला फोन लावून विचारलं. ती जवळजवळ ओरडलीच. "नाही, नाही, तोंडाकडून नको! पलीकडच्या कॅमेऱ्यात धूर तिथूनच उठतोय. वारा त्याला नाल्यात आत ढकलतोय. संगणकानं पुढचा अंदाज काढलाय, आग नाल्यानं वर चढत येणार. तुम्ही वरून जा. नकाशात पहाडीवर झाडं नसलेला खडक दिसतोय मला, तिथे आग पोचणार नाही."

"बोडकीचा सपाट," मी म्हणाले.

जैतुराबाई ऐकत होती. "ही पोरगी कुठं बसली हाय?"

"नागपूरला."

"तिथून तिले दिसते?"

"दिसतं, काकू."

सोप्या वाटेकडे एकदा पाहून तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि पहाडीकडे वळली. त्या वयात ती ज्या वेगानं चढली, तो माझ्या अजून लक्षात आहे. मला मागून पळावं लागत होतं.

सपाटावर पोचलो आणि पलीकडचं दिसलं. समीना म्हणाली होती तसंच. नाल्याचं तोंड धुरानं बुजलं होतं. धुराखाली लाल रेघ होती आणि ती आत येत होती. मधल्या भागात, मोहाच्या झाडांमधून, रंगीत लुगडी पळताना दिसली. त्या बाया तोंडाकडेच पळत होत्या. घरची वाट तीच ना. धुरामुळे पुढची आग त्यांना दिसत नव्हती.

मी कडेला उभी राहून दोन्ही हात हलवले, ओरडले. त्यांच्यातल्या एकीनं वर पाहिलं. सगळ्या थांबल्या. आणि मग वळून त्या आणखी जोरात पळायला लागल्या. आगीकडे.

"अवं माय," जैतुराबाई म्हणाली. "तुले पाहून पळून रायल्या त्या."

मी हलवत असलेले हात खाली घेतले.

"खाली बस, बाई. दिसू नको त्याहिले. खाली पड!"

मी खडकाच्या मागे पालथी पडले. दगड तव्यासारखा तापला होता. जैतुराबाई एकटी कडेवर उभी राहिली, डोक्यावरचा पदर काढून तिनं तो हवेत फिरवला आणि हाक मारली. "सगुणा गे! मी हावो! मी, तुही माय! वर ये! वर!"

कानाशी धरलेल्या फोनमधून समीनाचा आवाज येत होता. "धुरावरून आग डाव्या काठावर जास्त पुढे दिसतेय. उजवा काठ अजून मोकळा आहे. उजव्या काठानं वर. पण आता, लगेच."

"उजव्या काठानं, काकू," मी दगडामागून म्हणाले.

"बोराच्या बाजूनं या!" जैतुराबाई ओरडली. "मोठ्या दगडाच्या बाजूनं! तिकडं आग नाही!"

"थांबल्या का?" मी विचारलं.

"थांबल्या. सगुणा थांबली. वळली!"

"धुराचा नवा पट्टा दिसतोय, डावीकडून आगीनं नाल्यावरून उडी मारली असणार," समीना म्हणाली. "ताई, त्यांना म्हणावं, झाडांखालून नको, उघड्यावरून."

मी सांगितलं. जैतुराबाईनं ओरडून पोचवलं. मी पालथीच होते, मला फक्त आभाळ आणि तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. त्या नागपूरच्या खोलीतला संगणक समीनाला सांगत होता, समीना मला, मी जैतुराबाईला आणि ती खाली तिच्या लेकीला. यातली एक जरी गप्प झाली असती तर निरोप पोचला नसता.

मग धापा ऐकू आल्या. दगड घरंगळले. पहिली वर आली ती सगुणाच. एका पायात चप्पल नव्हती आणि तळवा भाजला होता. तिनं मला खडकामागे पडलेली पाहिलं आणि जागीच खिळली.

"काही करत नाही ती," जैतुराबाई तिला म्हणाली. "बाकीच्याहिले वर ओढ."

आम्ही एकेकीला हात दिला. शेवटच्या बाईनं पाठीवरचं मोहाचं गाठोडं सोडलं नव्हतं. ते फेकून द्यायला सांगितलं तर रडायला लागली. मी ते गाठोडं ओढून घेतलं, तेव्हा कुठे तिला चढता आलं. सगळ्या वर आल्यावर आम्ही सपाटाच्या मध्यावर जाऊन बसलो. खाली मोहाची झाडं पेटताना तडतड आवाज येत होता. त्या बाया तिकडेच बघत बसल्या होत्या. त्या झाडांखाली त्यांच्या आज्यांनीही मोह वेचला होता.

लांजेवार साहेब पायी वर आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तोंडाकडची माणसं जाळरेषा कापायला लावून ते पहाडी चढले होते. चेहरा काजळीनं माखलेला. त्यांनी बसलेल्या बाया मोजल्या. परत एकदा मोजल्या. स्वतःची पाण्याची बाटली सगुणाच्या पायावर ओतली. आणि मग, मला वाटतं निव्वळ सवयीनं, विचारलं, "कोणी लावली?"

बायांनी माना खाली घातल्या.

जैतुराबाई उभी राहिली. "लावली आम्हीच, साहेब. आमच्यापैकी कोणी तरी. पण मले एक सांगा. तो मनोरा धूर पायते, तर तुम्हाले सांगते. आम्हाले कायले नाही सांगत?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"जंगलात आम्ही, आगीत आम्ही," ती म्हणाली, "अन् निरोप तुमच्या खिशात."

साहेब हळूहळू खाली बसले, तिथेच, बायांच्या ओळीत, खडकावर. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रहांगडालेलाही कोणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "वारा फिरलाय, एवढंच कोणी तरी सांगायला हवं होतं."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वालदे, त्या मुलीला फोन लाव."

गुन्हा कोणावर दाखल झाला नाही. पुढच्या हंगामाच्या आधी समीना भोवरटोल्यात आठवडाभर राहिली, जैतुराबाईच्या घरी. तेव्हापासून धुराचा पहिला निरोप सगुणा आणि तिच्या गटातल्या बायांच्या मोबाइलवर जातो, त्यानंतर आमच्याकडे. रोज सकाळी संगणक वारा, ऊन आणि पाचोळ्याचा कोरडेपणा बघून त्यांना कळवतो, आज काडी ओढू नका, किंवा आज धोका कमी. काही बायांनी जाळणं सोडून झाडाखाली जाळ्या अंथरल्या. काहींनी झाडू घेतले. काही अजूनही जाळतात, पण एकटीनं, लपून नाही. चारजणी हातात फांद्या घेऊन उभ्या राहतात. निरोप आला की सगुणा जाऊन बघते आणि उत्तर देते: चूल, धुकं, धूळ, किंवा आग. तिच्या उत्तरांवरून संगणक अजून शिकतो आहे. वणवे संपले असं मी म्हणणार नाही. पण खापरी नाल्याच्या उजव्या काठाला मोहाची नवी रोपं माझ्या खांद्याएवढी झाली आहेत.

याला आता बरीच वर्षं झाली. मी वनपाल झाले. जैतुराबाई दोन वर्षांपूर्वी गेली. लांजेवार साहेब निवृत्त होऊन गोंदियाला राहतात. कार्यालय सोडताना त्यांनी समीनाकडे एकच गोष्ट मागितली होती, निरोपांच्या यादीतून माझा नंबर काढू नका.

मार्च लागला की धुराचे निरोप सुरू होतात. पहिला संगणकाचा, आणि थोड्या वेळानं सगुणाचा, 'विझला'. हा दुसरा निरोप लांबला की माझा फोन वाजतो, साहेबांचा.

"प्रणिता, अजून आला नाही."

"येईल, साहेब. गेल्या असतील त्या."

"हं."

ते फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही. आम्ही दोघं थांबून राहतो. मला त्यांच्या घरातला पंखा ऐकू येतो, त्यांचा श्वास ऐकू येतो. मग त्यांच्या कानाशी धरलेला फोन थरथरल्याचा आवाज येतो. ते वाचत असावेत. "विझला," ते पुटपुटतात, मला नव्हे, आणि फोन बंद होतो.